गावातला जुना वाडा अन् वाड्यातली मोटर: शोधाला निघण्याआधी हे वाचून घ्या

विदर्भात कुठल्याही बऱ्यापैकी मोठ्या गावात गेलं की एखादा पडका नाहीतर अर्धा राहता वाडा असतोच, आणि पारावर बसलेल्यांपैकी एखादे आजोबा हमखास सांगतात की याईच्या घरी मोटर होती, म्हणजे मोटारगाडी, पंचक्रोशीतली पहिली. हल्ली बरीच पोरं-पोरी अशा वाड्यांच्या मागे लागलीत, फोटो काढतात, रील टाकतात, पण पुढे कोणाला विचारायचं, कुठला कागद कुठं मिळतो हे सांगणारं कोणी भेटत नाही म्हणून गाडी तिथंच अडते. त्यांच्यासाठी हे लिहितोय. वाडे आणि जुन्या मोटरी या दोन्हींच्या नादात मी बरीच वर्षं गावोगाव फिरतोय आणि माझं एक मत पक्कं झालंय, मोटरची गोष्ट मालकाच्या घरात अर्धीच सापडते, उरलेली अर्धी ड्रायव्हरच्या घरी, सालदाराच्या (सालाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याच्या) घरी, नाल्याच्या रपट्यावर (बुटक्या पुलावर) आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूममधे असते. हे डोक्यात ठेवून निघालात तर खूप काही हाती लागेल.

आधी नदी बघा

पहिलं काम घरबसल्या होतं. नकाशा उघडा आणि तुमचं गाव वर्धा नदीच्या कुठल्या अंगाला येतं ते बघा. नदीच्या पूर्वेला नागपूरकर भोसल्यांचं राज्य होतं, १८५३ मधे तिसरे रघूजी वारस न ठेवता गेले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं, मग १८६१ मधे मध्यप्रांत झाला आणि नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) या भागात मालगुजारी पद्धत बसली, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारला भरणारा मालगुजार हाच गावाचा मालक. पश्चिमेला वऱ्हाड, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ. ते निजामाचं, पण त्याच १८५३ सालच्या तहानं इंग्रजांच्या ताब्यात आलेलं, आणि १९०३ मधे मध्यप्रांताला जोडलेलं. तिथं शेतसारा थेट शेतकऱ्याकडून, म्हणजे रयतवारीसारखी पद्धत, आणि गावातलं मोठं घर देशमुखाचं, देशपांड्याचं नाहीतर पाटलाचं. यवतमाळकडे इजाऱ्याची, म्हणजे ठेक्यानं दिलेली गावं पण होती.

हे आधी का सांगतोय तर पुढची सगळी शोधाशोध यावर ठरते. पूर्वेकडच्या गावात तुम्ही मालगुजार, लंबरदार (सारा भरायची जबाबदारी असलेला मालगुजार), सीर, खुदकाश्त (मालगुजाराच्या घरच्या वहितीच्या जमिनी) असे शब्द कागदात शोधाल, आणि कोणी म्हणालं की आमचे पणजोबा चार आण्याचे मालगुजार होते तर त्याचा अर्थ गावाच्या सोळा आण्यातला त्यांचा हिस्सा चार आण्यांचा, गरिबीशी त्याचा काही संबंध नाही. वऱ्हाडातल्या गावात वतन, इनाम, गढी (मातीच्या तटबंदीचा वाडा) असं शोधावं लागतं. भंडारा-गोंदिया, चंद्रपूर-गडचिरोलीकडे असाल तर गावचा मामा तलाव पण याच गोष्टीचा भाग, माजी मालगुजारी तलाव असंच त्याचं सरकारी नाव आहे, वाडा पडला तरी तलाव आहे, तेव्हा तो पण नोंदवा.

आणखी दोन तारखा पाठ करून टाका. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी हक्क सरकारजमा झाले. आणि १९६१ चा सीलिंगचा, म्हणजे जास्तीत जास्त किती जमीन ठेवता येईल याची मर्यादा घालणारा कायदा. बहुतेक वाड्यांची उतरती कळा या दोन्हींच्या आसपास लागते, घरची मंडळी नागपूर-अमरावतीला जातात, वाड्याला कुलूप लागतं, मोटर विकली जाते. गाडी गेली कधी हे कोणाला आठवत नसेल तर सीलिंगच्या आधी की नंतर असं विचारा, पटकन उत्तर येतं.

कागद, आणि ते पण वाड्यावर जायच्या आधी

नवीन लोक आधी वाड्यावर जातात मग कागदाकडे वळतात. मी म्हणतो उलटं करा, कारण हातात दोन कागद असले की घरमालक तुमच्याशी वेगळ्या पद्धतीनं बोलतो, त्याला कळतं की हा फोटो काढून पळणारा नाही.

सुरुवात सातबारा आणि फेरफारापासून (जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर गेल्याची नोंद). आजचा सातबारा महाभूलेखवर मिळतो, त्यावरचे फेरफार नंबर धरून मागे मागे जायचं. जुने स्कॅन केलेले अभिलेख काही जिल्ह्यांचे सरकारच्या पोर्टलवर थोडी फी भरून मिळतात, बाकीच्यासाठी तहसील कार्यालय आणि भूमी अभिलेख. गावठाणाचा नकाशा, सिटी सर्व्हे झाला असेल तर आखीव पत्रिका, मध्यप्रांतातल्या गावासाठी बंदोबस्ताची मिसल (सारा ठरवतानाची फाईल), वाजिब-उल-अर्ज म्हणजे गावच्या चालीरीती-हक्कांची नोंद, आणि पी-१ हा जुना महसुली कागद. कोतवाल बुक विसरू नका, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत आणि वाड्यातल्या नोकरचाकरांचे, पुढे ड्रायव्हर झालेल्या पोरांच्या घराण्यांचे धागे तिथं लागतात. हे सगळे कागद कसे काढायचे हे कोणाला विचारायचं? तर गावात ज्यांनी जात पडताळणीसाठी जुने कागद काढलेत त्यांना विचारा. त्यांना कुठल्या टेबलावर अर्ज द्यायचा, कुठली नक्कल किती दिवसांनी येते हे तोंडपाठ असतं, मला कुठल्या पुस्तकापेक्षा जास्त त्यांनीच शिकवलं.

त्यानंतर नागपूर. राज्याच्या पुराभिलेख खात्याचं नागपूरला कार्यालय आहे, मध्यप्रांत-वऱ्हाडचं जुनं सरकारी दप्तर तिथं बघायला मिळतं, आधी अर्ज करून, ओळखपत्र घेऊन जायचं. विदर्भ संशोधन मंडळ १९३४ पासून आहे, तिथल्या लोकांशी ओळख करून घ्या. इंग्रजांनी १९०६ पासून पुढच्या चार-पाच वर्षांत जिल्हावार गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचे सरकारी ग्रंथ काढले होते, त्यातले बरेच इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, आपल्या जिल्ह्याचा उतरवून घ्या आणि त्यातली रस्त्यांची आणि मोठ्या जमीनदार घराण्यांची प्रकरणं आधी वाचा. म्हणजे मोटर यायच्या तोंडावर तुमच्या तालुक्यात कुठला रस्ता पक्का होता, कुठं नदीवर पूल होता आणि कुठं नाव चालायची हे कळतं. हितवाद हे वर्तमानपत्र १९११ पासून नागपुरात निघतंय, जुन्या फाईली बघायला मिळाल्या तर नुसत्या बातम्या नका बघू, मोटरविक्रीच्या जाहिराती पण बघा.

घरातले कागद म्हणजे वेगळाच खजिना. रोकड, खतावणी, कीर्द, देवाणघेवाणीच्या वह्या, बरंचसं मोडीत. मोडी येत नसेल तर घाबरायचं काम नाही, पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग होतात, आणि मोटरच्या खर्चाच्या नोंदी शोधायला तर पेट्रोल, टायर, टूप, ड्रायव्हर एवढेच शब्द मोडीत ओळखता आले तरी काम सुरू होतं. आकडे रुपये-आणे-पै मधे असतील, सोळा आण्याचा रुपया आणि बारा पैचा आणा, दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. पेट्रोल गॅलनमधे, एक गॅलन म्हणजे साडेचार लिटर. सन बघताना जपून, शके असेल तर ७८ मिळवा, मारवाडी पेढीची वही असेल तर संवत असतो त्यातून ५७ वजा करा, फसली असेल तर साधारण ५९० मिळवा पण फसली सन वेगवेगळे चालायचे म्हणून दोनेक वर्षांचा फरक गृहीत धरा. वहीत एका महिन्यात पेट्रोल आणि दुसऱ्या महिन्यापासून नुस्ती बैलांची सरकी-ढेप दिसली तर समजा पावसाळा लागला, काळ्या मातीत चार महिने मोटर बाहेर निघत नव्हती आणि रेंगी-दमणी या बैलगाड्याच चालायच्या. अशी एक नोंद दहा ऐकीव गोष्टींना भारी असते.

परवानगी, आणि गुप्तधनाची भानगड

हे नीट वाचा राजेहो. आपल्या गावांत जुन्या वाड्याभोवती अनोळखी माणूस मोबाईल, टेप, टॉर्च घेऊन फिरताना दिसला की पहिला संशय गुप्तधनाचा येतो. त्यामुळे आधी सरपंच आणि पोलीस पाटील यांना भेटून सांगा, जमलं तर शाळेतल्या गुरुजींना सोबत घ्या. खणणं, भिंत ठोकून बघणं, फरशी उचलणं अजिबात नाही, गंमत म्हणून पण नाही, जमिनीत सापडलेल्या धनासाठी १८७८ चा कायदा आहे आणि त्यात अडकायची काही गरज नाही.

दुसरी अडचण वारसांची. सातबाऱ्यावर वीस-वीस नावं असतात, भाऊ-भाऊ कोर्टात असतात. एकाची परवानगी घेऊन दुसऱ्याच्या खोलीत शिरलात की तुमच्यामुळे घरात तंटा. म्हणून वाड्याचा कुठला भाग कोणाकडे आहे ते आधी विचारा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की काकाजी, आम्ही जमिनीच्या कामानं आलो नाही, वाड्याचा अन् मोटरचा इतिहास लिहून घ्यायचा आहे, तुम्ही नको म्हणाल ते लिहिणार नाही. आणि एक गोष्ट कधीच विचारू नका, या गाडीची आज किंमत किती येईल. हा प्रश्न कानावर पडला की समोरचा तुम्हाला दलाल समजतो, आणि दलाल समजलेल्या माणसाला फोटोचा अल्बम कोणी दाखवत नाही.

वेळ म्हणाल तर संक्रांतीनंतर ते होळीपर्यंत. जून-जुलैत पेरणी, दिवाळीपासून वेचणी, तेव्हा लोकांना श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि एप्रिल-मे मधे आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. सकाळी लवकर नाहीतर चारनंतर.

वाडा वाचायचा कसा

बाहेरून आत या. आधी एक पूर्ण चक्कर, चारी बाजूंचे फोटो, मग देवडी, मग कचेरी नाहीतर बैठक जिथं सारा जमा व्हायचा, चौक, माजघर, देवघर, माडी, मागचा कोठा, बळद, पेव (धान्य साठवायच्या जागा), विहीर. कागदावर हातानं कच्चा नकाशा काढा, पावलांनी मोजा, नंतर टेपनं. मोबाईलमधे कितीही फोटो असले तरी कुठली खोली कुठल्या खोलीला लागून आहे हे महिनाभरानं आठवत नाही.

भोसलेकालीन घडणीचा वाडा असेल तर सागवानी खांब, सुरूच्या आकाराचे, वर केळफुलाचं कोरीव काम. वऱ्हाडातल्या गढीच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, उंचवट्यावर, आणि लोकांनी माती नेऊन नेऊन त्या खालून पोखरलेल्या असतात म्हणून भिंतीच्या बुडाशी बसायचं नाही. माडीवर चढताना पाय तुळईवर ठेवा, दोन तुळयांच्या मधे नको. साप, वटवाघळं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आग्या मोहोळ, ते दिसलं की त्या दिवशी त्या बाजूला जायचंच नाही.

वय ओळखायला भिंतीपेक्षा छोट्या वस्तू बऱ्या. लोखंडी गर्डर असेल तर त्यावरचा ठसा शोधा, बरेच गर्डर इंग्लंडच्या डॉर्मन लाँगचे असतात, आणि टाटाचा ठसा असेल तर तो भाग १९१२ च्या आधीचा असूच शकत नाही कारण जमशेदपूरला पोलाद निघायला लागलं त्याच वर्षी. मंगलोरी कौलाच्या खालच्या बाजूला कारखान्याचं नाव असतं, मंगलोरला बासेल मिशनचा पहिला कौलारू कारखाना १८६५ चा. रंगीत सिमेंटच्या फरशा असतील आणि एखादी सुटी पडलेली असेल तर मागची बाजू बघा, मुंबईच्या भारत टाइल्सची कंपनी १९२२ ची आहे. एक लक्षात असू द्या, गर्डर नवीन म्हणजे वाडा नवीन असं होत नाही, कापसाचा पैसा आला की जुन्याच वाड्याला पुढून माडी चढवायची पद्धत होती.

आणि तो पैसा कुठून आला हे वाड्याच्या कागदात लिहिलेलं नसतं, ते तुम्हाला जोडावं लागतं. १८६७ मधे रेल्वे नागपूरला आली, १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, हिंगणघाट, खामगाव, अमरावती, आर्वी इथले कापसाचे बाजार फुगले, गावोगाव जिन-प्रेस (कापसातून सरकी काढायचे आणि गाठी बांधायचे कारखाने) उभे राहिले, पुढे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर शकुंतला ही छोटी रेल्वे धावायला लागली. भंडारा-रामटेककडे मँगनीजच्या खाणी होत्या. तुमच्या वाड्यापासून सगळ्यात जवळचं जुनं स्टेशन आणि सगळ्यात जवळचा जिन या दोन जागा नकाशावर खूण करा, मोटर बहुतेक त्याच रस्त्यानं गावात आली असेल.

मोटरखाना शोधा

गाडी नसली तरी तिची खोली असते. बहुतेक ठिकाणी घोड्याची पागा नाहीतर दमणी ठेवायची जागा मोडून मोटरखाना केलेला दिसतो, म्हणजे दार रुंद केलेलं, वर गर्डर टाकलेला, उंबरठा काढून उतार दिलेला. दार मोजा. फोर्डची मॉडेल टी साडेपाच फुटांच्या आसपास रुंद होती. आत खाली बसून काम करायचा खड्डा आहे का, जमीन तेलानं काळी आहे का, भिंतीत हत्यारांचे कोनाडे आहेत का हे बघा.

मग डबे. पेट्रोल पंपाच्या आधी पेट्रोल डब्यांत यायचं आणि रिकामा डबा घरात कशालाही वापरला जायचा, धान्य मापायला, पाणी तापवायला, कुंड्यांना. बर्मा शेल लिहिलेला डबा सापडला तर तो १९२८ नंतरचा, कारण कंपनीच त्या वर्षी झाली. टायरवर डनलॉप आणि मेड इन इंडिया असं असेल तर १९३६ नंतरचा, बंगालात साहागंजचा कारखाना तेव्हाचा. कार्बाइडचे दिवे, रबरी फुग्याचा भोंगा, इंजिन सुरू करायला फिरवायचं हँडल, जॅक, पितळी टोपणं, यातलं काही मिळालं तर जागेवरच फोटो घ्या, शेजारी पट्टी ठेवा, उचलून घासायला लागू नका. घरच्यांना पण सांगा की डिझेलनं पुसून चकाचक करू नका, जुन्या रंगाखाली अक्षरं असतात.

गावातल्या बंड्यांकडे पण नजर टाका. मोडीत निघालेल्या मोटरचा आक (चाकांमधला दांडा), चाकं हे बैलबंडीला लागायचे, इंजिन कुठं पाणी ओढायला लागलं का तेही विचारून पहा. भंगारात गेली असं सगळे म्हणतात पण गावातलं लोखंड गाव सहसा सोडत नाही.

गाडी कुठली होती ते कसं ठरवायचं

गाडी उभी असेल तर सोपं, इंजिनावरचा नंबर आणि इंजिन आणि सीटच्या मधल्या आडव्या पडद्यावरची पत्र्याची पाटी दोन्हींचे फोटो काढा. फोर्ड मॉडेल टी आणि त्यानंतरची मॉडेल ए, दोन्हींचा नंबर इंजिनाच्या डाव्या बाजूला, पाणी आत शिरतं त्या तोंडाच्या वर ठोकलेला असतो. पाटीवर कॅनडाचं नाव दिसलं तर गोंधळू नका, आपल्याकडे उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या फोर्ड गाड्या कॅनडातूनच यायच्या. म्हणून घरचे म्हणतात विलायतेची गाडी आणि पाटी सांगते ओंटारिओ, दोघांचं भांडण लावायचं नाही, दोन्ही लिहून घ्यायचं.

फक्त फोटो असेल तर तोंडाकडे बघा, म्हणजे रेडिएटर. पितळी रेडिएटरची मॉडेल टी १९१६ पर्यंतची, नंतर काळा. मॉडेल टी १९०८ ते १९२७ चालली, मॉडेल ए तिथून १९३१ पर्यंत. नाक गोल फुगीर असेल तर मॉरिसची बुलनोज असू शकते, ती १९२६ पर्यंत. शेवरलेची बो-टायसारखी खूण ओळखू येते, आणि जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला १९२८ मधे गाड्या जोडायला सुरुवात केली त्यामुळे त्यानंतर शेवरले-ब्यूक आपल्याकडे सोप्या झाल्या. लाकडी आऱ्यांची चाकं म्हणजे साधारण विसाच्या दशकापर्यंत. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का बघायला विसरू नका.

फोटो पण नसेल तर? तर चालवायची कशी हे विचारा, ही माझी सगळ्यात आवडती युक्ती आहे. एखादे मामाजी म्हणाले की पायात तीन पॅडल होते, पण पेट्रोल हातानं द्यायचे, तर ती मॉडेल टी, कारण तिला पायानं दाबायचं ॲक्सिलेटर नव्हतं, स्टिअरिंगखालच्या दांडीनं वेग वाढायचा आणि डावं पॅडल गिअरचं, मधलं मागे जायचं, उजवं ब्रेकचं. गाडीचं नाव ज्यांना कधीच माहीत नव्हतं ते पण असं बरोबर सांगून जातात.

नंबरप्लेटची एक गोष्ट. सीपी अक्षरं म्हणजे मध्यप्रांत. पण १९५० पासून या प्रांताचं नाव मध्यप्रदेश होतं आणि १९५६ पर्यंत नागपूरच त्याची राजधानी, म्हणून आपल्या गाडीवर एमपी दिसलं तर ती भोपाळची समजू नका. नंबर नंतर बदललेला पण असतो, प्लेटवरून गाडीचं वय काढायचं नाही.

माणसं

आता खरं काम. आधी हिशोब करा, आज पंच्याऐंशी वर्षांचे आजोबा १९४० च्या आसपास जन्मलेले, म्हणजे त्यांनी स्वतः पाहिलेली मोटर चाळीसच्या शेवटाची नाहीतर पन्नासची, त्याआधीचं सगळं त्यांनी बापाकडून ऐकलेलं. म्हणून प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न जोडायचा, तुम्ही पाह्यलं का ऐकलं? आणि वहीत तसं वेगळं लिहायचं. रेकॉर्डिंग विचारून करा, फोन समोर ठेवा, लपवून नाही.

वाड्याच्या वारसांशी बोलून झालं की तिथं थांबू नका. ड्रायव्हर कोण होता, तो कुठून शिकून आला, त्याला पगार काय, तो वाड्यात कुठं जेवायचा, त्याची मुलं आज कुठं आहेत. क्लिनर कोण. हँडल कोण मारायचं. पेट्रोल आणायला बंडी कुठल्या स्टेशनला जायची. आणि मोटर नाल्यात फसली की बैल कोणाचे जुंपले जायचे, ढकलायला कोणत्या मोहल्ल्यातली माणसं बोलावली जायची, त्यांना त्याचे पैसे मिळायचे का. हा शेवटचा प्रश्न वाड्यात विचारून उत्तर मिळत नाही, तो गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, घरात बसून, चहा घेऊन, सावकाश विचारायचा असतो. कोणाला त्या मोटरचं कौतुक आठवतं तर कोणाला बिगारी आठवते, आणि तुमच्या नोंदीत दोन्ही सारख्या जागेनं आलं पाहिजे. ज्यांना देवडीच्या आत यायची परवानगी नव्हती त्यांनी मोटर रस्त्यावर पाहिली होती, धुळीसकट, आणि त्यांचं वर्णन कधीकधी वाड्यातल्यांपेक्षा नेमकं असतं.

बायकांशी बोला, आणि बोलायला सोबतीला एखादी मैत्रीण, बहीण असेल तर फारच बरं. वाड्यातल्या आजींना विचारा की मोटरला पडदे होते का, माहेरी जाताना मोटरनं गेल्या का दमणीनं, मोटरमधे पहिल्यांदा कधी बसल्या. पुरुष मंडळी गाडीचा वेग सांगतात, आजी रस्त्यात कुठं थांबलो, कुठल्या नदीला उतरून चालावं लागलं, बाळाला कसं धरलं ते सांगतात, म्हणजे पूर्ण रस्ता तुमच्या वहीत येतो. तो रस्ता मग स्वतः जाऊन बघा. जुने मैलाचे दगड, दगडी मोऱ्या, रपटे अजून सापडतात, नवा हायवे बाजूनं गेला असला तरी जुना रस्ता शेताच्या धुऱ्यांमधून (बांधांमधून) दिसतो.

ऐकलेलं तपासायचं, पण हसायचं नाही

काही गोष्टी अशा येतात की शहरातला पोरगा हसून सोडून देईल. चिखलदऱ्याच्या घाटात मोटर उलटी चढवली असं कोणी म्हणालं तर ते खरं असू शकतं. मॉडेल टीला पेट्रोलचा पंप नव्हता, टाकी सीटखाली, पेट्रोल आपल्या वजनानं इंजिनाकडे जायचं, खड्या चढाला टाकीत पेट्रोल कमी असलं की ते पोचायचंच नाही, म्हणून गाडी फिरवून रिव्हर्समधे चढवायचे. हँडल मारताना ड्रायव्हरचा हात मोडला ही पण गावोगाव ऐकू येणारी गोष्ट, आणि त्यामागे पण कारण आहे, ठिणगी कधी पडायची ते ठरवणारी दांडी मागे घ्यायची राहिली की इंजिन वेळेआधी पेटतं आणि हँडल उलटं फिरून मनगटावर बसतं. कोळशावर मोटर चालायची म्हटलं तर ते दुसऱ्या महायुद्धातलं, पेट्रोलचं रेशनिंग होतं तेव्हा गाडीला मागे कोळशापासून गॅस करणारा प्लांट बसवायचे.

पण गव्हर्नर साहेब १९१५ मधे मोटर बघायला आले होते असं कोणी म्हणालं तर थांबा, मध्यप्रांताला गव्हर्नर १९२० च्या शेवटी मिळाला, त्याआधी चीफ कमिशनर असायचे. साल चुकलं असेल नाहीतर साहेब दुसरे असतील, कुठलाही मोठा गोरा साहेब गावाला गव्हर्नरच. जिल्ह्यातली पहिली मोटर हा दावा तर प्रत्येक गाव करतं, तो लिहून घ्या पण त्यावर शिक्का मारू नका. पहिल्या मोटरी घेणाऱ्यांत मालगुजार होते तसे जिनवाले, वकील, डॉक्टर, साहेब लोक पण होते. त्यापेक्षा आमच्या गावात मोटर अमुक सालच्या वहीत पहिल्यांदा दिसते, असं लिहिलं तर ते कोणी खोडू शकत नाही.

गाडी अजून घरात असेल तर

सुरू करायला जाऊ नका, हँडलला हात लावू नका. टायर बसलेले असतील तर ओढून बाहेर काढू नका, आऱ्या तुटतात. फोटो, मोजमाप, नंबर, बस. घरच्यांना गाडी रस्त्यावर आणायची असेल तर २०२१ मधे विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आलेत, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांच्या वरची आणि मूळ रूपात असलेली गाडी त्यात बसते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी वीस हजार, दहा वर्षांसाठी, आणि रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालवता येत नाही, रॅली-प्रदर्शनाला येते. पुढचं आरटीओत विचारावं लागेल. जुने कागद, वह्या कोणी विकत मागायला आलं तर घरच्यांना एवढं सांगून ठेवा की ऐतिहासिक महत्त्वाचे पंचाहत्तर वर्षांच्या वरचे हस्तलिखित कागद १९७२ च्या कायद्यात येतात, ते परवानगीशिवाय देशाबाहेर जाऊ शकत नाहीत.

काम झाल्यावर

फोटोंचा एक संच वाड्यावाल्यांना, एक ड्रायव्हरच्या घरच्यांना, एक गावच्या शाळेला आणि ग्रामपंचायतीला, सगळ्यांना छापून, पेनड्राईव्ह देऊन भागत नाही. मोडीतलं जे वाचलं त्याची बाळबोध नक्कल मूळ वहीत चिठ्ठी म्हणून ठेवा. ज्यांनी नाव नको म्हटलं त्यांचं नाव नाही, ड्रायव्हरचा मुलगा, एवढंच. फाईलला नाव देताना गाव, तालुका, तारीख आणि कोणी सांगितलं ते घाला, वाडा एक, वाडा दोन असं ठेवाल तर दोन वर्षांनी तुम्हालाच कळणार नाही. आणि तालुका लिहाच, एका नावाची चार-चार गावं आहेत आपल्याकडे, पिंपळगाव म्हटलं की कुठलं हे सांगावंच लागतं.